पर्याय आणि प्रतिपक्ष

इंग्रजी शब्दांचा संचय कसा वाढवावा, या प्रश्नाची दोन उत्तरे मुंबई इलाख्यात इंग्रजी शाळा उघडल्या तेव्हापासून आपल्याकडे एकमेकांशी भांडत आली आहेत. एक पक्ष म्हणतो की शब्द हे धन आहे, ते विषयवार रचून, नित्य आवर्तने करून कंठात साठवावे लागते. दुसरा म्हणतो की शब्द हा वाक्याचा अवयव आहे, वाक्यापासून तोडून तो साठवता येत नाही आणि साठवला तरी वेळेस कामी येत नाही. वाईस एका स्नेह्यांच्या घरी या दोन पक्षांची गाठ पडलेली मी पाहिली, आणि वाद घालणारी माणसे मामा आणि भाची असल्यामुळे त्यात जी मोकळीक आणि जी कळकळ होती ती विद्वत्सभेत सहसा आढळत नाही, म्हणून तो संवाद येथे नोंदवून ठेवणे मला अगत्याचे वाटते. मामा हायस्कुलातून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक. भाची उच्च न्यायालयात भाषांतरकार, मराठी फिर्यादी, जबाब आणि दस्तऐवज इंग्रजीत उतरवणे हे तिचे रोजचे काम. वादाचे निमित्त तिचा धाकटा भाऊ. तो स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेस बसणार होता आणि समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांचे एक जाडजूड पुस्तक विकत घेऊन आला होता.

मामा : पोराने पुस्तक आणले यात मला काही वावगे दिसत नाही. आम्ही परकर-पोलक्यातल्या बहिणींबरोबर शास्त्रीबोवांपुढे बसून अमरकोश म्हटला तेव्हा आम्हाला कोणी विचारले नव्हते की, याचा अर्थ कळला का. अमरसिंहाने तीन कांडांत आणि दीड हजारांच्या आसपास श्लोकांत स्वर्गापासून पाताळापर्यंत, वनस्पतींपासून सैन्याच्या अंगांपर्यंत सारे शब्दविश्व मांडून ठेवले. ते आधी जिभेवर आले आणि अर्थ मागाहून आला, परंतु पुढे रघुवंश हाती घेतला तेव्हा अनोळखी शब्दापाशी अडून बसण्याची पाळी आली नाही. ज्या पद्धतीने संस्कृत साध्य झाले तिने इंग्रजी का साध्य होऊ नये?

भाची : मामा, अमरकोशाविषयी माझ्या मनात तुमच्याइतकाच आदर आहे, परंतु त्याचे प्रयोजन निराळे होते. उदधी म्हणा, अर्णव म्हणा, रत्नाकर म्हणा, सरित्पती म्हणा, समुद्र तोच राहतो. कवीला वृत्तात जो बसेल तो त्याने घ्यावा, यासाठी ती सोय आहे. इंग्रजीत आस्क, क्वेश्चन आणि इंटरॉगेट हे तीन शब्द या पुस्तकात एकाखाली एक छापले आहेत, पण ते एकाच प्रसंगी चालत नाहीत. मित्र मित्राला आस्क करतो, चौकशी समिती साक्षीदाराला क्वेश्चन करते आणि इंटरॉगेट करायला समोर संशयित असावा लागतो. येथे शब्द बदलला की विचारणाऱ्याचा अधिकार बदलतो आणि उत्तर देणाऱ्याची अवस्थाही बदलते. हा फरक यादीत कोठे आहे?

मामा : यादीत नसेल, परंतु यादीच्या मागे जो इतिहास आहे त्यात आहे, आणि तो शिकवणे हे शिक्षकाचे काम. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात, न्यायालयात, जमीनदारांच्या वाड्यांत फ्रेंच बोलली जाऊ लागली; खाली रयतेच्या तोंडी जुनी सॅक्सन राहिली, आणि विद्वानांनी लॅटिनमधून उचललेले शब्द त्यांवर आणखी येऊन बसले. म्हणून एकेका कल्पनेला तीन तीन थरांचे शब्द मिळाले : राइज, माउंट, असेंड, किंग्ली, रॉयल, रीगल, फायर, फ्लेम, कॉन्फ्लॅग्रेशन. पहिला घरचा, दुसरा दरबारचा, तिसरा ग्रंथातला. हे एकदा मुलाच्या ध्यानी आणून दिले की त्याच यादीतल्या शब्दांना त्याला आपोआप पायऱ्या दिसू लागतात. आणि मराठी मुलाला तर हे समजायला मुळीच अवघड जाऊ नये, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेतही विचारणे, चौकशी करणे आणि पृच्छा करणे असे तीन थर आहेतच. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, त्याचा हेतूच मुळी फारसी थराच्या जागी संस्कृत थर आणून बसवण्याचा होता.

भाची : थर आहेत, पण ते एकमेकांवर बसत नाहीत. आमच्या दफ्तरात मी रोज पाहते. मराठीत सरकारी जरब आहे ती फारसीकडून आलेल्या शब्दांत : जप्ती, हुकूम, ताबा, तपास. संस्कृत शब्द आला की वातावरण सभेचे किंवा ग्रंथाचे होते. पृच्छा करणाऱ्याचे भय कोणाला वाटत नाही. इंग्रजीत मात्र लॅटिन थराला ग्रंथाचा भारदस्तपणा आहे आणि जरबही आहे. नवखा भाषांतरकार तत्सम शब्दासमोर लॅटिन शब्द ठेवून मोकळा होतो आणि साध्या विनंतीपत्राची नोटीस होऊन बसते. तेव्हा तुमच्या पायऱ्या खऱ्या आहेत, परंतु त्या प्रत्येक भाषेत निराळ्या दिशेने चढतात, आणि ती दिशा चालून पाहिल्यावाचून कळत नाही.

या ठिकाणी मामा उठले आणि कपाटातून रॉजेटच्या थिसॉरसची जुनी प्रत घेऊन आले. तिच्या समासात त्यांनी शिसपेन्सिलीने केलेली टिपणे दाट भरली होती. या ग्रंथाचा कर्ता पीटर मार्क रॉजेट पेशाने वैद्य होता आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचा सुमारे वीस वर्षे चिटणीस होता; 1805 च्या सुमारास त्याने स्वतःच्या लेखनाच्या सोयीसाठी शब्दांची एक लहानशी वर्गवार वही तयार केली आणि तीच वाढवून 1852 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, एक हजार शीर्षकांखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. अमूर्त संबंध, अवकाश, जडद्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना असे त्याचे सहा विभाग आहेत. प्राणिशास्त्रज्ञ प्राण्यांची कुळे लावतो तशी शब्दांची कुळे लावण्याचा हा प्रयत्न मला मानवी बुद्धीच्या मोठ्या उद्योगांपैकी एक वाटतो, आणि त्याच्याकडे केवळ परीक्षेचे साधन म्हणून पाहिले जाते याचे मला दुःख आहे.

भाची : मामा, याच्या प्रस्तावनेतली टीप तुम्ही वाचली असेलच. कल्पनांच्या अनुक्रमाने शब्द रचण्याचे आजवर जे प्रयत्न झाले त्यांत सर्वांत जुना म्हणून रॉजेट अमरकोशाचे नाव घेतो. कोलब्रुकने केलेले भाषांतर 1808 मध्ये श्रीरामपुरास छापले गेले होते, त्याचा तो दाखला देतो.

मामा : वाचली आहे, आणि दर वर्षी वर्गात वाचून दाखवली आहे! आता तूच सांग, रॉजेटसारख्या माणसाला आपल्या कामाचा पूर्वज म्हणून अमरसिंह आठवतो, तर त्या दोघांची पद्धत एकच आहे असे मी म्हटले तर चुकले कोठे?

भाची : रचना एक आहे, वापर एक नाही. अमरकोश शिकणाऱ्यासाठी आहे, रॉजेट जाणणाऱ्यासाठी. कोशात आपण शब्द घेऊन जातो आणि अर्थ घेऊन येतो. रॉजेटकडे अर्थ घेऊन जायचे आणि शब्द घेऊन यायचे. म्हणूनच त्याने हजारो शब्द दिले, परंतु त्यांचे अर्थ दिले नाहीत. त्याने गृहीतच धरले की वाचकाला हे सारे शब्द ठाऊक आहेत, फक्त ऐन वेळी आठवत नाहीत. समोर दिसले की तो योग्य शब्द ओळखून काढील. ज्याने ते शब्द कधी वाक्यात पाहिलेच नाहीत त्याच्या हाती हा ग्रंथ दिला तर त्याला मिळतो तो हजेरीपट, आणि हजेरीपटावरून माणसांचे स्वभाव कळत नाहीत. फरक सांगणारे ग्रंथ निराळे आहेत. फ्रान्समध्ये आबे जिरार्दने 1718 मध्ये तसा ग्रंथ लिहिला, डॉक्टर जॉन्सनच्या स्नेहातल्या हेस्टर पिओझी यांनी 1794 मध्ये इंग्रजी पर्यायांवर दोन खंड लिहिले, पुढे 1816 मध्ये जॉर्ज क्रॅबचा ग्रंथ आला. हे लोक दोन शब्द जवळ ठेवून त्यांच्यातली रेघ दाखवतात. या पोराने आणलेल्या पुस्तकात सारे शब्द एका चिन्हाने जोडून टाकले आहेत, जणू ते एकमेकांचे मुखत्यार आहेत.

मामा : एखादा दाखला दे. तुझ्या कामातला.

भाची : देते. ॲडमिशन आणि कन्फेशन. कोणतेही पुस्तक उघडा, हे दोन्ही एकमेकांचे पर्याय म्हणून सापडतील. बोलताना आपणही दोहोंना कबुलीच म्हणतो. परंतु 1872 च्या पुरावा कायद्यापासून या देशात त्यांचे दोन वेगळे मार्ग आहेत. ॲडमिशन दिवाणी दाव्यातला पक्षकारही देतो, आणि ते एखाद्या वस्तुस्थितीपुरते असते. कन्फेशन आरोपीचे, आणि ते गुन्ह्याचे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेले कन्फेशन आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हा नियम तेव्हापासून आजच्या कायद्यापर्यंत चालत आला आहे. मराठी जबाबात 'कबूल केले' एवढेच असते. भाषांतर करणाऱ्याने त्यासाठी कोणता इंग्रजी शब्द घातला यावर एखाद्या माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असू शकते. मी हे दोन शब्द पाठ केले म्हणून मला कळले नाहीत; निकालपत्रे वाचता वाचता कळले.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. पुढे ते जे बोलले ते माझ्या मते या संवादातले सर्वांत वजनदार म्हणणे होते, कारण ते भाषेपेक्षा माणसांविषयी होते.

मामा : तुझे म्हणणे तुझ्या जागी खरे आहे. परंतु तू वाढलीस त्या घरात इंग्रजी पुस्तके होती, वडील इंग्रजी वर्तमानपत्र घेत, आणि तुला वाचायला वेळ होता. मी ज्या हायस्कुलात शिकवले तेथे येणारी निम्मी मुले ऊसतोडणीच्या दिवसांत शाळेला येत नसत. त्यांच्या घरी छापील कागद येत असे तो किराणा बांधून. त्या मुलाला मी सांगावे की, बाबा रे, दहा वर्षे डिकन्स वाच, मग शब्द आपोआप येतील? त्याच्यापाशी दहा वर्षे नाहीत. एक परीक्षा आहे, आणि तिच्यात शब्द देऊन चारांतून एक पर्याय निवडायला सांगतात. यादी हा त्याचा एकमेव सोपान आहे. श्रीमंताला वाचन पुरते, गरिबाला पाठांतर लागते. आणि पाठांतराला तुच्छ लेखणारे बहुधा ते असतात ज्यांना त्याची गरज पडली नाही.

भाची : तुच्छ मी लेखत नाही, मामा. परंतु त्याच मुलासाठी मला भय वाटते. मायकेल वेस्ट हे बंगालच्या शिक्षणखात्यात होते, ढाक्यास काम करीत. आपल्यासारख्याच मुलांकडे पाहून त्यांनी आयुष्यभर एक गोष्ट सांगितली की, नेहमी लागणारे शब्द आधी. 1953 मध्ये त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी निघाली, आणि साध्या इंग्रजी मजकुराचा बहुतेक सारा भाग, चार-पंचमांशाच्या आसपास, तेवढ्या शब्दांनी उलगडतो. तुमच्या मुलाला हे दोन हजार पुरते वळले नसताना आपण त्याच्या डोक्यावर कॉन्फ्लॅग्रेशन ठेवतो. आणि परीक्षांचेच म्हणाल तर, अमेरिकेत जाण्यासाठी आपल्या पोरांनी ज्या जीआरईपायी बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची यादी घोकली, त्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न 2011 मध्ये काढून टाकले. शाळेनंतरच्या सॅट परीक्षेतून ते 1994 मध्येच गेले होते. तेथे आता वाक्यातली रिकामी जागा भरायची असते.

मामा : तेथे गेले, येथे आहेत, आणि पोर बसणार आहे ते येथल्या परीक्षेला. शिवाय नेहमीचा शब्द सोपा असतो हे मला मुळीच मान्य नाही. ऑग्डेनने 1930 मध्ये साडेआठशे शब्दांची बेसिक इंग्लिश काढली. क्रियापदे इतकी थोडी ठेवली की, सरेंडरच्या जागी गिव्ह अप आणि टॉलरेटच्या जागी पुट अप विथ म्हणावे लागले. इंग्रजाच्या मुलाला ते सोपे. आपल्या मुलाला गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर, मग शरण जाणे कोठून आले? उलट टॉलरेट एकदा कळला की कळला, त्याला एकच अर्थ आणि एकच रूप. लॅटिन शब्द भारदस्त असतील, परंतु परक्याशी ते सरळ वागतात.

भाची : हे खरे आहे. हे मी कधी अशा तऱ्हेने पाहिले नव्हते.

मामा : मग आता विरुद्धार्थी शब्दांकडे चल, कारण माझा खरा पक्ष तेथे आहे.

भाची : तेथे तर अधिक खड्डे आहेत! मुले उपसर्ग लावून विरुद्धार्थी बनवतात. इनव्हॅल्युएबल म्हणजे अमोल, कवडीमोल नव्हे. इन्फेमस म्हणजे कुख्यात, अप्रसिद्ध नव्हे. इन्फ्लेमेबल आणि फ्लेमेबल दोन्ही पेट घेणारेच. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा लागतो, म्हणजे निःस्वार्थ आणि निःपक्षपाती. तो अनइंटरेस्टेड असला तर अन्याय होईल.

मामा : हे खड्डे मी चाळीस मुलांच्या वर्गात दर वर्षी दाखवले आहेत. परंतु मी सांगतो ते निराळे. दोन पर्यायांतला भेद समजत नसेल तर त्या दोघांचे प्रतिपक्षी विचार. रॉजेटने आपल्या ग्रंथात शब्द समोरासमोरच्या स्तंभांत मांडले, आणि प्रस्तावनेत सांगितले की, एकाच शब्दाला संबंधानुसार निरनिराळे विरोधी शब्द येतात. गिव्हिंगच्या समोर रिसीव्हिंगही येतो आणि टेकिंगही, ओल्डच्या समोर न्यूही येतो आणि यंगही. तेथूनच मी ही युक्ती घेतली. थ्रिफ्टी आणि स्टिंजी या पुस्तकात पर्याय आहेत. थ्रिफ्टीच्या विरुद्ध कोण? उधळ्या. स्टिंजीच्या विरुद्ध कोण? उदार. झाला निवाडा : पहिला गुण, दुसरा दोष. आपल्याकडे काटकसर आणि कंजूषपणा यांचा भेद प्रत्येक आजी जाणते, तो तिने याच मार्गाने जाणला आहे. फर्म आणि ऑब्स्टिनेट घे. फर्मच्या समोर डळमळीत मनाचा माणूस उभा राहतो, ऑब्स्टिनेटच्या समोर समंजस. ब्रेव्हच्या समोर भित्रा, रॅशच्या समोर सावध. पर्याय माणसाला फसवतो, कारण तो गोड बोलून जवळ येतो. प्रतिपक्षी फसवत नाही.

भाची : आणि ॲडमिटच्या समोर डिनाय. कन्फेसच्या समोर मात्र डिनाय पुरत नाही. आरोपी कन्फेशन देतो आणि मग ते मागे घेतो, रिट्रॅक्ट करतो. मामा, हे तर माझ्याच कामात मी न कळत करीत आले आहे.

माझे मत विचाराल तर या ठिकाणी वादाचे स्वरूपच पालटले. समानार्थी आणि विरुद्धार्थी असे दोन स्तंभ आपण शेजारी छापतो, पण त्यांचा एकमेकांशी काय संबंध हे कोणी सांगत नाही. विद्यार्थी दोन स्वतंत्र ओझी समजून दोन्ही वाहतो. वास्तविक दुसरा स्तंभ हे पहिल्याचे परीक्षण आहे. अँटोनिम ही संज्ञाच मुळी इंग्रजीत उशिरा आली, चार्ल्स जॉन स्मिथ यांच्या 1867 मधील पर्याय-विरोधी शब्दांच्या ग्रंथाबरोबर; म्हणजे इंग्रजांनाही या दोघांची मोट एकत्र बांधावी हे फार पूर्वी सुचलेले नव्हते. अर्थात या युक्तीलाही सीमा आहेत. अलाइव्ह आणि डेड यांच्यामध्ये काही नसते, हॉट आणि कोल्ड यांच्यामध्ये वॉर्म, टेपिड, कूल असा सारा प्रदेश असतो, आणि बाय आणि सेल हे तर विरोधी नसून एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. सारे विरोध एकाच जातीचे समजणारा विद्यार्थी पुन्हा फसेल. तरीही पर्यायांच्या गर्दीतून मार्ग काढण्याचे याहून चांगले साधन मला ठाऊक नाही, आणि ते शाळांतून शिकवले जात नाही याची मला मनापासून खंत वाटते.

इतका वेळ मुकाट्याने ऐकणारा भाचा आता पुढे सरकला आणि त्याने विचारले की, पुस्तकाचे काय करू.

मामा : ठेव. फेकू नकोस. परंतु त्यातून वाचू नकोस, त्यात पडताळून पाहा. एक वही कर आणि प्रत्येक शब्दाच्या समोर त्याचा प्रतिपक्षी लिही. मग त्याच्या पर्यायाच्या समोर पर्यायाचा प्रतिपक्षी लिही. आणि रोज पहाटे मोठ्याने आवर्तन कर. कानाला शब्द कळल्याशिवाय तो जिभेवर येत नाही.

भाची : आवर्तन करू दे, पण माझी एक अट आहे. जो शब्द याने स्वतः एखाद्या वाक्यात पाहिला नाही तो या वहीत शिरता कामा नये. आणि ते वाक्य वहीत आधी लिहावे, शब्द मागाहून.

मामा : शब्द आधी! वही चाळताना डोळा शब्दावर पडायला हवा.

भाची : डोळा पडेल, पण ध्यानात राहील ते वाक्य.

या मुद्द्यावर दोघांची तडजोड झाली नाही, आणि व्हायला हवी असेही मला वाटले नाही. भाच्याने समोरचे इंग्रजी वर्तमानपत्र ओढून घेतले. अग्रलेखात कँडिड हा शब्द होता. त्याने वाक्य उतरवले, खाली शब्द लिहिला आणि पुस्तकात पर्याय पाहिले तेव्हा फ्रँक आणि ब्लंट हाती लागले. कँडिडच्या समोर हातचे राखून बोलणारा गार्डेड आला, फ्रँकच्या समोर मितभाषी रिझर्व्ह्‌ड आला. ब्लंटपाशी गाडी अडली. भाची म्हणाली टॅक्टफुल, भाचा म्हणाला शार्प.

मामा : दोन्ही लिही. फटकळ माणसासाठी एक आणि बोथट सुरीसाठी दुसरा. आणि प्रत्येकाला त्याचे स्वतःचे वाक्य शोधून आण.